भाऊबीजेला भाजलेले पेरू

"या वर्षी भाऊबीज नको रे तम्मा," अक्का म्हणाली.

मी धारवाडला तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो. दसरा नुकताच झाला होता. श्रावणात तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून ती या खोलीबाहेर फारशी आलीच नव्हती. अंगावरची चादर उजव्या बाजूला पावलापर्यंत उंच दिसायची आणि डाव्या बाजूला मध्येच सपाट व्हायची. मी तिकडे बघायचं टाळत असे आणि मी टाळतोय हे तिला कळत असे.

"का नको?"

"उभी राहून ओवाळता येत नाही. रांधता येत नाही. आणि गोड या शब्दाचाच आता मला वीट आलाय. तुम्ही तुमच्या घरी दिवाळी करा. मी इथे बरी आहे."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलणं संपलं होतं.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमचं घर मराठी, पण आजूबाजूला सगळी कानडी वस्ती, त्यामुळे ती माझी ताई न होता अक्का झाली आणि मी तिचा तम्मा. माझ्याहून ती नऊ-दहा वर्षांनी मोठी. मी दुसरीत असताना आई गेली. वडील धारवाडच्या कोर्टात कारकून होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. अक्का तेव्हा शाळेतच होती. तिने स्वयंपाकघर हातात घेतलं ते घेतलंच. माझी वेणीफणी नव्हती, पण माझं बाकी सगळं तिने केलं. गृहपाठ घेतला, ताप आला की उशाशी बसली, माझ्या मुंजीत आईच्या जागी तीच होती. पुढे ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न उशिरा झालं, एक मुलगा झाला. नवरा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती धारवाडातच मुलाजवळ राहते. मी हुबळीला विद्यानगरात. तारिहाळच्या एका कारखान्यात लोखंडाचे सुटे भाग भट्टीत तापवून कडक करण्याचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं.

अक्काला चाळिशी उलटल्यावर साखरेचा आजार निघाला. ती पथ्य पाळणारी बाई. तिने साखर सोडली, भात कमी केला, शाळेत चालत जायला लागली. त्रास पथ्याचा नव्हता. त्रास लोकांचा होता. लग्नकार्यात तिच्यासाठी वेगळं ताट यायचं. "अक्कांना साखरेचं आहे, त्यांचं वेगळं काढलंय," असं कुणीतरी मोठ्याने सांगायचं आणि सगळी पंगत वळून बघायची. माझ्या मुलीच्या लग्नात मी स्वतः पाहिलं. वाढपी जिलेबी घेऊन तिच्यापाशी आला, मागून कुणी म्हणालं, "त्यांना नको, पुढे चला." तो पुढे गेला. तिला कुणी विचारलंच नाही. त्यानंतर बासुंदी आली, तेव्हा वाढपी दोन पानं लांब असतानाच अक्काने आपला हात पानावर आडवा धरला होता. सगळ्या घरादाराला आयुष्यभर हाताने वाढत आलेली बाई, आणि अशी बसलेली.

मग या पावसाळ्यात चपलेच्या पट्ट्याने तिच्या पायाला जखम झाली. ती भरली नाही. काळी पडली. डॉक्टरांनी बोटं काढली, मग पाऊल, आणि शेवटी गुडघ्याखालचा भाग. हुबळीच्या दवाखान्यात ती तीन आठवडे होती. भेटायला येणारे लोक फळं आणायचे, जवळ बसायचे आणि थोड्या वेळाने हळूच विचारायचे, "पथ्य नीट सांभाळलं नव्हतं का हो?" एक बाई तर हसत म्हणाली, "चोरून खाल्ले असतील दोन घास. आपणही माणूसच."

ती बाई गेल्यावर अक्का मला म्हणाली, "मी खाल्लं नव्हतं रे."

मी तिला काही विचारलं नव्हतं. "माहीत आहे मला," मी म्हणालो. तिने डोळे मिटून घेतले.

म्हणून ती जेव्हा भाऊबीज नको म्हणाली, तेव्हा मला ते पायाबद्दलचं बोलणं वाटलं नाही. मी दोन्ही गावांमध्ये धावणाऱ्या चिगरी बसने हुबळीला परत निघालो. नवलूरजवळ बस थांबली तेव्हा खिडकीतून रस्त्याकडेला टोपल्या दिसल्या. पेरूचा हंगाम सुरू झाला होता. मी काहीच न ठरवता उतरलो. टोपलीवाल्या बाईने एक पेरू कापून हातावर ठेवला. "प्यारल हण्णु, आजच तोडलेत," ती म्हणाली. आतून पांढरा, करकरीत, गोडीला बेताचा. अक्काला डॉक्टरांनी एक लहान पेरू चालेल असं सांगितलं होतं, ते मला आठवलं. पिशवीभर पेरू घेऊन मी पुढची बस पकडली.

घरी बायकोला म्हणालो, "अक्कासाठी दिवाळीचं काहीतरी करायचं. तळायचं नाही, पाक नाही. या पेरूंचं काही भाजून करता येईल?"

आमच्याकडे मुलीने दिलेला एक लहान ओव्हन आहे. बायको त्यात कधीमधी नानकटाई करते. ती म्हणाली, "सफरचंदाचं करतात तसं. खाली फळ, वर पिठाचा चुरा. पण त्यात वाटीभर साखर असते."

"साखरेऐवजी ती बिनसाखरेची गोड पावडर?"

"अक्का त्याला औषध म्हणतात. आणि तोंडात कडू चव मागे राहते. ती नको." थोडा विचार करून ती पुढे म्हणाली, "थोडा खजूर वाटून घाला. आणि मैदा नको, ज्वारी वापरा. पण करा तुम्हीच. बहीण तुमची आहे."

ती हे चेष्टेने म्हणाली नव्हती. मी केलं.

पहिल्यांदा केलं ते फसलं. पेरू जास्त पिकलेले घेतले होते, ट्रेच्या तळाशी पाणी सुटलं आणि वरचं ज्वारीचं पीठ सिमेंटसारखं बसलं. दुसऱ्यांदा मी आच फार ठेवली. भट्टीवर आयुष्य गेल्याने ओव्हनवरचे आकडे मला नेहमी किरकोळ वाटतात. वरून जळलं, आत कच्चं राहिलं. बायकोने खिडक्या उघडल्या. मग मी अर्धे कच्चे पेरू घेतले, दोन भाग करून बिया चमच्याने कोरल्या, बियांचा गर गाळणीवर घासून वेगळा काढला. गरात लिंबू, दालचिनी, सुंठ आणि चार-पाच खजूर वाटून कालवले. ते पेरूच्या फोडींवर ओतलं. वर ज्वारीचं भाजलेलं पीठ, दाण्याचा जाडसर कूट, थोडं तूप आणि चिमूटभर मीठ यांचा चुरा पसरला. मंद आचेवर ठेवलं. फोडी मऊ झाल्या पण मोडल्या नाहीत. घरभर पेरूचा वास सुटला. बायकोने चमचाभर खाल्लं आणि म्हणाली, "चांगलं झालंय. चुरा थोडा कोरडा आहे, पण चांगलं झालंय."

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, लहान वाटीभर द्या, पण पूर्ण जेवणावर वाढीव म्हणून नको. त्या वेळची भाकरी कमी करा.

धनत्रयोदशीला सकाळी मी तो डबा घेऊन धारवाडला गेलो. अक्का पलंगावर बसली होती. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला. "बघ, तुझ्यासाठी केलंय. मी स्वतः. साखर नाही, गूळ नाही, मैदा नाही. डॉक्टरांना विचारून केलंय."

तिने डब्यात पाहिलं. हात लावला नाही.

"तुम्ही काय खाणार दिवाळीला?" तिने विचारलं.

"आमचं आहे. बेसनलाडू झालेत, करंज्या उद्या करायच्या आहेत."

"म्हणजे हे माझंच."

"हो. मुद्दाम तुझ्यासाठी."

"मग ने परत."

मला काही समजेना. "अगं अक्का, चव तरी बघ."

"चव चांगलीच असेल. तू केलंयस तर असेलच." तिचा आवाज चढला नव्हता. "तम्मा, मी पंचवीस-तीस वर्षं वेगळ्या ताटावर जेवले. कधी कुरकुर केली नाही. दवाखान्यातही मला डबा वेगळा, ग्लास वेगळा. आता पायही वेगळा येणार आहे, लाकडाचा की प्लॅस्टिकचा. माझ्या नावाचं वेगळं काही आता आणू नको. दिवाळीच्या दिवशी तर नकोच."

दारात भाचेसून उभी होती. तिनेही ते ऐकलं. ती आत गेली. मी डबा बंद केला. अक्काच म्हणाली, "चहा घेऊन जा." मी चहा घेतला आणि डबा घेऊन परत आलो.

घरी बायको करंज्यांचं सारण भाजत होती. मी डबा ओट्यावर ठेवला आणि झालेलं सांगितलं. तिने गॅस बारीक केला, सगळं ऐकून घेतलं.

"मी अक्कांच्या जागी असते तरी परतच पाठवलं असतं," ती म्हणाली.

"मी तिच्याच भल्यासाठी केलं ना?"

"केलंत. पण आपण लाडू खायचे आणि त्यांनी पथ्य खायचं, एवढंच त्यात झालं. ते तर सगळेच करतात."

ती कढईकडे बघत होती. लग्न झाल्यापासून प्रत्येक दिवाळीला तिने फराळ केला आहे. चिवडा, चकली, शंकरपाळी, लाडू, करंज्या, काही चुकलं नाही. तिच्या आईकडून आलेला करंज्यांचा साचा ती दुसऱ्या कुणाला हातात देत नाही. मला तिला काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, "भाऊबीजेला अक्कांच्या घरी सगळ्यांनी तेच खायचं. दुसरं गोड काहीच नाही. ताटात नाही, डब्यात नाही, फडताळातही नाही. लाडू झालेत ते शेजारी देऊन टाकते. सारणाचं बघू."

"तुला चालेल?"

"दिवाळीला घरात गोड नाही, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं," ती म्हणाली. मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, "चालेल. चकली मात्र करणार. ती अक्काही खातात."

मी भाच्याला फोन लावला. त्याला म्हणालो, आईला इकडे आणू नकोस, आम्हीच येतो. भाजणं तुमच्या घरी करू. घरातलं गोड तेवढं त्या दिवशी बाजूला काढ. "मामा, आमच्याकडे गोड आणलंच नाही या वर्षी. आईसमोर खायला कसं तरी वाटतं. आम्ही कधी बाहेर जाऊन खातो, तेही चोरल्यासारखं वाटतं." हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत असावा.

भाऊबीजेच्या सकाळी मी ओव्हन पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रिक्षात मांडीवर घेतला. बायकोने पेरूची पिशवी, पीठ, कूट आणि चकलीचा डबा घेतला. धारवाडला पोचलो तेव्हा अक्काने आम्हाला पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं. मी ओव्हन स्वयंपाकघरात मांडला. भाचेसून पेरू कापायला बसली. भाचा बिया कोरायला. बायको गर गाळत होती. मी पिठाचा चुरा करायला घेतला. दार उघडंच होतं.

थोड्या वेळाने चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. अक्का आपल्या हाताने चाकं ढकलत दारापर्यंत आली होती. खोलीबाहेर ती अशी स्वतःहून किती दिवसांनी आली, ते आम्हा सगळ्यांनाच जाणवलं, पण कुणी दाखवलं नाही.

"एवढे पेरू कुणाला?" तिने विचारलं.

"सगळ्यांना," बायको म्हणाली. "आज गोड एवढंच आहे, अक्का. दुसरं काही नाही."

"तुझ्या करंज्या?"

"केल्या नाहीत."

अक्काने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू करंज्या केल्या नाहीस," ती पुन्हा म्हणाली. तो प्रश्न नव्हता. बायको खाली बघून गाळणी घासत राहिली.

मग अक्काची नजर माझ्या परातीकडे गेली. "ते काय करतोयस? पिठाची विरी गेलीय, चिकटपणाच राहिला नाही. असं कोरडं घातलंस तर दाताखाली भुसा होईल. दे इकडे."

मी परात तिच्या मांडीवर ठेवली. तिने उकळतं पाणी मागितलं, थोडं थोडं शिंपडत पीठ चोळलं, मग कूट आणि तूप मिसळलं. चिमूट घेऊन जिभेवर ठेवली आणि मीठ वाढवलं. तिचे हात हडकले होते, शिरा वर आल्या होत्या, पण पिठात ते जुन्याच सवयीने चालत होते. चुरा आता धरून येत होता, हातात दाबला की गोळा व्हायचा आणि सोडला की मोकळा. तिने तो स्वतः फोडींवर पसरला, कडेपर्यंत, कुठे जागा न सोडता.

ट्रे आत गेल्यावर ओवाळणं झालं. नेहमी मी पाटावर बसतो आणि ती समोर उभी राहते. आज पाटावर बसलो असतो तर तिला खुर्चीतून वाकता आलं नसतं. भाच्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून तिच्या खुर्चीसमोर ठेवली. मी त्या खुर्चीवर बसलो. आमचे गुडघे जवळजवळ लागत होते, माझे दोन आणि तिचा एक. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. तिने निरांजनाचं तबक उचललं, भाचेसुनेने खालून आधार दिला. ओवाळून झाल्यावर अक्का तबक खाली ठेवायचं विसरली. ज्योतीकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दवाखान्यात, पाय काढल्यावर, घरी आल्यावर, मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं.

"आईचं तोंड आठवत नाही रे मला आता," ती म्हणाली. "प्रयत्न केला तरी येत नाही."

मला तर ते कधीच नीट आठवलं नव्हतं. माझ्या लेखी आईचं तोंड म्हणजे समोरचंच. मी तिचा हात धरून ठेवला. तेवढंच सुचलं.

जेवायला सगळे टेबलाभोवती बसलो. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, कोशिंबीर, चकली. ट्रे मध्ये ठेवला, अजून कडेने बुडबुडे येत होते. भाचेसून वाढायला उठली, तर अक्काने हात पुढे केला. "मी वाढते."

तिने मोठा चमचा घेतला आणि एकेकाची वाटी ओढून वाढलं. सगळ्यांना सारखं, तिच्या मापाचं, लहान वाटीभर. बायकोच्या वाटीत मात्र कडेचा कुरकुरीत भाग मुद्दाम घातला. स्वतःची वाटी शेवटी. तिच्यासमोर भाकरी नव्हती, ती तिने आधीच बाजूला काढायला सांगितली होती. तिने पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"खा ना तुम्ही," ती म्हणाली. "माझ्याकडे काय बघताय?"

आम्ही खायला लागलो. खरं सांगायचं तर ते बासुंदीसारखं किंवा करंजीसारखं गोड नव्हतं. पेरूची आंबटगोड चव होती, मागून दालचिनी, आणि वर खमंग ज्वारी. भाच्याने वाटी पुसून खाल्ली. अक्का म्हणाली, "लिंबू जरा कमी चाललं असतं." मग काही वेळाने, कुणाकडेच न बघता, "पण बरं झालंय. बरं झालंय." पुन्हा वाढायला भाचेसून वळली तेव्हा तिने "साकु" म्हणून वाटी बाजूला सारली. पुरे, एवढंच. पण हात आडवा धरला नाही.

संध्याकाळी भाच्याने तिच्या बोटातून थेंब घेऊन साखर मोजली. नेहमीपेक्षा थोडी वर होती, डॉक्टर चालेल म्हणाले होते त्याच्या आत. त्याने तो आकडा तिला दाखवला. तिने मान हलवली आणि दुसरं काहीतरी विचारलं.

त्या दिवसाने काही बरं झालं असं मी म्हणणार नाही. साखर गेलेली नाही. उजव्या पायाच्या टाचेला हिवाळ्यात भेग पडली तेव्हा आम्ही सगळे घाबरून गेलो होतो. कृत्रिम पाय आला, पण तो टोचतो, ती तो घालून थोडं चालते आणि काढून ठेवते. लग्नांना ती अजून जात नाही. फक्त जेवण मात्र आता ती टेबलावर घेते, खोलीत ताट मागवत नाही. भाचेसून सांगते की घरात जे शिजतं ते आता सगळ्यांसाठी एकच शिजतं, आणि भाच्याची स्वतःची साखर, जी काठावर आली होती, ती जरा उतरली आहे.

मधे एकदा मी गेलो तेव्हा अक्काने मला विचारलं, चिकूचं असं काही होईल का. मी म्हणालो, चिकू फार गोड, डॉक्टर नाही म्हणतील. ती म्हणाली, "विचारून तर बघ." मी विचारलं, ते नाहीच म्हणाले. तिला फोनवर तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझं जेवण झालं का?"